ज्याचा बोर्ड, त्याचा कायदा

(पडद्यावर: चार घड्या पडलेला व्यापाराचा पट, कडेला मळलेल्या खोट्या नोटा.)

या पटावर मुंबई मिळते ८,५०० रुपयांना. मद्रास ७,०००, कलकत्ता ६,५००, दिल्ली ६,०००. आणि अहमदाबादहून जयपूरकडे निघालात की वाटेत लागतं आमचं इंदूर. किंमत १,५००. अख्ख्या पटावर याच्याइतकं स्वस्त गाव दुसरं नाही. पाटणासुद्धा २,००० ला जातं.

ऐंशीच्या दशकात इथे वाढलेल्या आम्हा मुलांना हा आकडा पाढ्यासारखा पाठ आहे. मे महिन्यात पुण्याहून आतेभावंडं यायची. डाव मांडला की पहिला टोमणा ठरलेला, "घे गं तुझं इंदूर, खाऊच्या पैशात येतंय." मी घ्यायचे. भाडं इतकं किरकोळ की त्यावर घर बांधणं म्हणजे शुद्ध मूर्खपणा. तरी घ्यायचे. १८१८ पासूनची होळकरांची राजधानी अशी पुणेकरांच्या हातात द्यायची?

किमतीचं जाऊ द्या. मला राग यायचा तो बँकेचा. बँक कायम पट ज्याचा असेल त्याच्याकडे. उधारी चालेल की नाही, तुरुंगातून किती पैसे भरून सुटायचं, फासा गादीवरून घरंगळून जमिनीवर पडला तर पुन्हा टाकायचा की नाही, सगळं तोच ठरवणार. आणि तो हरायला लागला की नेमकी त्याच्या आईची जेवायची हाक यायची. पट मिटला, डाव संपला.

(पडद्यावर: रामबागेतली एक गल्ली, जुन्या घराचा ओटा.)

आमच्या घरी हे राज्य आजोबांचं होतं. बुद्धिबळाचा संच त्यांचा. लाकडी, एका उंटाची मान तुटलेली. आणि खेळ त्यांच्या पद्धतीचा, देशी. प्यादं पहिल्या चालीतही एकच घर पुढे. किल्लेकोट, म्हणजे राजा-हत्तीची एकत्र चाल, वगैरे काही नाही. त्याऐवजी राजाला जोवर शह बसलेला नाही, तोवर एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी. प्यादं पलीकडे पोचलं की ते ज्या मोहऱ्याच्या घरात पोचलं तेच मोहरं व्हायचं. हत्तीच्या घरात हत्ती, उंटाच्या घरात उंट. वजीर हवा म्हणून वजीर मागता येत नसे. आणि समोरच्याचा राजा एकटाच उरला की बुर्जी, म्हणजे धड जिंकलं नाही, धड हरलं नाही. आजोबांना खरी हौस प्यादेमातीची. हातात वजीर मोकळा असताना ते तो बाजूला ठेवून प्याद्याने मात करायला जायचे, आणि त्या नादात संध्याकाळचा चहा तीनदा गरम करावा लागायचा. आजीचं मत या खेळाबद्दल चांगलं नव्हतं. म्हाळसेपुढे सारीपाटात हरून खंडोबा घर सोडून गेला, पुरुषांना पट मांडू देऊ नये, एवढंच ती म्हणायची.

हा देशी खेळ काही गल्लीतला किरकोळ प्रकार नव्हता. पेशव्यांच्या दरबारी तिरुवेंगडाचार्य शास्त्र्यांनी बुद्धिबळावर संस्कृतात ग्रंथ लिहिला. त्याचं इंग्रजी भाषांतर १८१४ मध्ये मुंबईत छापलं गेलं. त्यानंतर शंभर वर्षांनीही पंजाबातला मीर सुलतान खान लहानपणी देशी नियमांवरच शिकला, मोठेपणी विलायती नियम शिकला, आणि १९२९ मध्ये थेट ब्रिटिश विजेता झाला. १९३२ ला परत, १९३३ ला परत. आजोबांना ही गोष्ट फार आवडायची. ती सांगताना सुलतान खानला दुसरे नियम शिकावे लागले, हा भाग मात्र ते गाळायचे.

(पडद्यावर: शाळेचा व्हरांडा, पाऊस.)

शाळा हिंदी माध्यमाची. वर्गात निम्मे आम्ही मराठी, बाकी मालवी, सिंधी, गुजराती, सगळे. बाकावर हिंदी, घरी मराठी आणि भांडताना जे तोंडात येईल ते. जुलै लागला की मैदानाचा चिखल व्हायचा आणि पीटीचा तास खेळाच्या खोलीत. दोन कॅरम बोर्ड, बुद्धिबळाचे काही पट, टेबल टेनिसचं टेबल होतं त्याला जाळी नव्हती. सापशिडी आणि ल्यूडोही होते, पण सातवीच्या वर हात कोण लावणार!

या खोलीत पहिल्यांदा असा बोर्ड बघितला जो कुणाच्याच घरचा नव्हता.

बुद्धिबळात धक्का बसला तो हात लागण्याचा. घरी मोहरं उचलायचं, हवेत धरून दोन घरं न्यायचं, आजोबांच्या चेहऱ्याकडे बघायचं आणि परत ठेवायचं. शाळेत हात लागला की तेच मोहरं चालवायचं. एका मुलाने तर नाक खाजवताना कोपराने वजीर हलवला आणि समोरचा "चल, अब चल" म्हणून अडून बसला. मुद्दाम हात लावला तरच हा नियम लागतो, हे सरांना समजावावं लागलं. प्यादं एकदम दोन घरं जाताना पाहून मला ती चक्क लबाडी वाटली होती. खेळ लवकर पेटावा म्हणून युरोपात काही शतकांपूर्वी आलेली ती सवलत आहे, हे पुष्कळ नंतर वाचलं.

भारतात पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ मध्ये एलुरूला झाली, आणि त्यात डी. व्यंकय्यांबरोबर संयुक्त विजेते होते रामचंद्र सप्रे. आमच्या पीटी सरांना हे नाव पाठ होतं. मला त्याहून जवळचं वाटायचं ते खाडिलकर बहिणींचं. १९७४ मध्ये महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा वासंतीने जिंकली, मग जयश्री, मग रोहिणी. रोहिणी १९८१ मध्ये आशियाई विजेती झाली. घरी बुद्धिबळ हा आजोबा आणि दादा यांच्यातला मामला होता, मी सोंगट्या गोळा करून डब्यात भरायची. त्या घरात या तीन नावांचं वजन काय होतं, ते सांगून कळणार नाही.

(पडद्यावर: कॅरमचा बोर्ड. पावडरीचा हात फिरतो.)

पण शाळा पेटायची ती कॅरमवर.

गल्लीत कॅरम खेळायचे ते पॉइंटांवर. काळीला दहा, पांढरीला वीस, राणीला पन्नास, जो जे घालेल ते त्याचं. दुसऱ्या गल्लीत काळीला पाच. कुठे अंगठ्याने मारणं चालायचं, कुठे नाही, आणि नाही म्हणजे बोर्डवाल्याला स्वतःला जमत नसेल तिथे. राणीनंतर कव्हर, म्हणजे राणी पक्की करायला स्वतःची एक सोंगटी घालणं, लगेच हवं की पुढच्या पाळीला चालेल, यावर मित्र आठवडाभर बोलेनासे झालेले मी पाहिलेत.

एका पावसाळ्यात पीटी सरांनी स्पर्धा जाहीर केली आणि फळ्याशेजारी नियमांचा टंकलेला कागद डकवला. बोर्ड ७४ सेंटिमीटर. नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या, एक राणी. फोडणाऱ्याच्या पांढऱ्या. डाव २५ गुणांचा, नाहीतर आठ बोर्डांचा, म्हणजे आठदा सोंगट्या मांडून. समोरच्याच्या जितक्या सोंगट्या उरतील तितके गुण, राणीचे तीन, आणि स्वतःचे गुण २२ झाले की राणीचेही नाहीत. अंगठा चालेल. खुर्ची सरकवायची नाही, उठून वाकून नेम धरायचा नाही. एका फटक्याला १५ सेकंद. स्ट्रायकरचं वजन १५ ग्रॅमच्या आत.

शेवटच्या ओळीने गोंधळ झाला. घरोघरचे स्ट्रायकर निघाले. काकांचे, मामांचे, एक तर हस्तिदंती म्हणून मिरवला जाणारा. सरांनी ते सगळे रुमालात बांधले आणि सराफ्यात ओळखीच्या दुकानी नेले. रात्री जिथे लोक भुट्ट्याचा कीस खातात तिथेच दिवसा सोनं तोलतात. त्या काट्यावर आमचे स्ट्रायकर चढले. हस्तिदंती बाद झाला. ज्याचा होता तो दोन दिवस शाळेत आला नाही.

मुलगे आणि मुली वेगळे करण्याइतकी नावंच आली नव्हती, म्हणून सगळ्यांची एकच यादी लागली. त्यात मधल्या बाकावरची एक मुलगी होती. वडील मिलमध्ये, घर मिलच्या चाळीत. घरी बोर्ड असण्याचा प्रश्नच नव्हता. चाळीच्या गणपती मंडळाचा एक बोर्ड होता. पाळी सुटली की माणसं त्यावर बसत आणि पोरींना स्ट्रायकर कोणी देत नसे. ती मागे उभी राहून बघायची. मंडळाच्या स्पर्धेचे नियम भिंतीवर लावलेले, ते तिने बघून बघून पाठ केले होते. खेळायला मिळत नाही तर निदान कोण चुकतंय ते तरी कळावं, असं तिने मला सांगितलं. मी उपान्त्य फेरीत तिच्याकडून हरले. तिचा हात फार ताकदीचा नव्हता. ती जोरात मारायचीच नाही. कट लावायची, सोंगटी भोकाच्या तोंडाशी नेऊन ठेवायची आणि माझी वाट अडवायची.

अंतिम सामना एका मुलाशी. त्याच्या घरचा बोर्ड म्हणजे आमच्याकडचा सगळ्यात देखणा, जाड फ्रेमचा. अर्धा वर्ग तिथेच शिकला होता, त्यामुळे कॅरमचे वाद त्याच्याकडेच सुटायचे.

तिचे १९ गुण झाले होते. त्या बोर्डावर तिच्या तीन सोंगट्या, त्याच्याही तीन आणि राणी. तिने मारला एकच फटका. राणी डाव्या भोकात गेली आणि त्याच फटक्यात तिची एक पांढरी उजव्या भोकात.

"अब कवर ले," तो म्हणाला.

"हो गया कवर," ती म्हणाली.

मग जे माजलं! त्याच्या घरी कव्हर वेगळ्या फटक्यात घ्यायचं. अर्ध्या वर्गाला तेच माहीत. "भिया, ऐसा थोड़ी होता है," मागून कोणीतरी. तो राणी उचलून मधे ठेवायला निघाला, अगदी सहज, स्वतःच्या बोर्डावर ठेवतो तशी. तिने हात आडवा धरला. ओरडली नाही. "सर, कागज देखिए," एवढंच.

सर फळ्यापाशी गेले, चष्मा वर-खाली केला. राणी आणि स्वतःची सोंगटी एकाच योग्य फटक्यात गेली तर कव्हर झालं असं धरावं. ओळ तिथे होती. आम्ही सगळ्यांनी तो कागद पाहिला होता, स्ट्रायकरच्या वजनाच्या ओळीवर हसलो होतो, आणि ही ओळ कोणी वाचलीच नव्हती.

उरलेल्या दोन सोंगट्या तिने शांतपणे घातल्या. त्याच्या तीन, राणीचे तीन. १९ आणि ६, पंचवीस.

घरगुती नियमांचं कौतुक मला आजही ऐकवत नाही. गल्लीगल्लीचा वेगळा कॅरम, किती मजा होती म्हणतात. मजा होती, बोर्ड घरी असणाऱ्यांना. आजोबांचा देशी डाव मला अजून प्रिय आहे, सुट्टीत भाच्यांना मी तोच शिकवते, पण तेही पटावर बसण्याआधी सगळे नियम कागदावर लिहून. भाचे वैतागतात.

(पडद्यावर: १९८८ च्या वर्तमानपत्राची पानं.)

१९८८ मध्ये विश्वनाथन आनंद ग्रँडमास्टर झाला, भारतातला पहिला. त्याच वर्षी त्याच्याच मद्रासमध्ये आंतरराष्ट्रीय कॅरम महासंघ स्थापन झाला. पहिल्या बातमीने शाळांमधून बुद्धिबळाचे वर्ग निघाले. दुसरी बातमी आम्हाला कळली सुद्धा नाही, आणि कॅरम पूर्वीसारखाच पावसाळ्यात खोलीतून बाहेर निघत राहिला.

(पडद्यावर: सरवटे बस स्थानक.)

तर, ती मुलगी. उज्जैनच्या एका शाळेने खुली स्पर्धा ठेवली होती. तिला पाठवायचं ठरलं आणि अडलं. वडिलांची पाळी, आई एकटीला सोडेना. शेवटी हिंदीच्या बाई सोबत निघाल्या. त्यांना महाकालाचं दर्शनही घ्यायचं होतं, हे त्यांनी लपवलं नाही. सकाळी सरवटेवरून बस. आम्ही काही जणी पोहे-जिलबी बांधून पोचवायला गेलो.

दुसऱ्या फेरीत ती हरली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी गराडा घातला तर ती सामन्याबद्दल बोलेचना, बोर्डाबद्दलच बोलत होती. तिथला बोर्ड इतका गुळगुळीत की आपल्या सवयीने मारलं तर स्ट्रायकर फ्रेमला लागून परत आपल्याकडे. आपल्या शाळेच्या बोर्डावर शिकून बाहेर कोणी जिंकणार नाही. हेच तिने मुख्याध्यापकांना अर्जात लिहून दिलं, खाली आम्हा सगळ्यांच्या सह्या घेतल्या, ज्याला हरवलं होतं त्याचीही.

पुढच्या जुलैत नवा बोर्ड आला. त्यावर पांढऱ्या रंगाने शाळेचं नाव, आणि शेजारी सरांच्या अक्षरातली सूचना. बोर्डावर बसू नये. पावडर घरून आणावी.