वाटा कुणाचा?

श्रोतेहो, नमस्कार. प्रयोग संपला की मेकअप रूममध्ये पाकिटं वाटली जातात. त्याला आपल्याकडे ‘नाईट’ म्हणतात. प्रयोग झाला तर नाईट, रद्द झाला तर हात हलवत घरी. गल्ला निर्मात्याचा, बुडालं तर तेही त्याचंच, हे कबूल करायला हवं.

पण नटच मालक झाले तर?

१५९८ सालचा डिसेंबर, लंडन. नट रिचर्ड बर्बेज आणि त्याचा भाऊ कथबर्ट यांच्या थिएटरच्या जागेचा करार संपला होता. जमीन मालकाची, पण लाकूड आमचं, असं म्हणत या भावांनी सुतार आणून अख्खं थिएटर उतरवलं आणि त्याच लाकडातून थेम्सपलीकडे ‘ग्लोब’ उभारलं. पैसे कमी पडत होते. म्हणून निम्मी मालकी भावांकडे राहिली आणि उरलेली पाच नटांत, दर नटाला दहावा हिस्सा. त्या पाचांत एक शेक्सपिअर!

१६१३ मध्ये प्रयोगात तोफ उडवली, ठिणगी गवती छपरावर पडली आणि थिएटर खाक झालं. एका प्रेक्षकाची विजार पेटली, ती त्यानं म्हणे बाटलीतल्या दारूनं विझवली. हिस्सेदारांनी खिशात हात घातला आणि वर्षभरात ग्लोब पुन्हा उभं राहिलं. छपरावर या वेळी कौलं.

इथवर छान. पण १६३५ मध्ये तीन नटांनी दरबारात तक्रार केली. रोज घाम आम्ही गाळतो, कपडेपट आम्ही सांभाळतो आणि थिएटरचं उत्पन्न जातं कुणाकडे, तर वारसांकडे. हिस्से वारशानं आणि विक्रीनं फिरत गेले होते.

पॅरिसच्या कोमेदी फ्रान्सेजनं ही मेख ओळखली. १६८० पासूनच्या या मंडळीत सभासद नट निवृत्त झाला की त्याचा वाटा मंडळीकडे परत येतो.

आपल्याकडे १९१३ साली बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस या तीन भागीदारांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. काही वर्षांत दोघे बाहेर पडले आणि पुढे कर्जाचा डोंगर एकट्या बालगंधर्वांच्या डोक्यावर आला.

आज नटांची सहकारी संस्था काढायची, तर महाराष्ट्राचा १९६० चा सहकार कायदा आहेच. भाग, म्हणजे शेअर, कितीही असोत, सभासदाला मत एकच. मात्र पोटनियम लिहायला बसाल, तेव्हा नाव आणि बोधचिन्ह यांवर संध्याकाळ घालवू नका. उद्या आपल्यातला एखादा मालिकेत गेला, तर त्याचा भाग कोण घेणार आणि किती किमतीला, ते आधी लिहा. सगळे एका कपातला चहा वाटून पीत असतात, तेव्हाच.

नमस्कार.