ओळंबा आणि गुडघा

(पहाट. पाण्यावर धुकं. काठावर कपड्यांच्या पिशव्या.)

कोल्हापूरचा राजाराम तलाव. साडेपाच वाजलेत. ऑफिसं उघडायच्या आत पोहून घेणारी ही मंडळी. त्यांतली नारिंगी टोपीवाली बँकेत नोकरी करते, वय ४१. गोव्यात मिरामारला २०१९ साली पहिल्यांदा झालेली अर्ध्या अंतराची आयर्नमॅन शर्यत तिला पूर्ण करायची आहे. १.९ किलोमीटर समुद्रात पोहायचं, ९० किलोमीटर सायकल, त्यावर २१.१ किलोमीटर धावायचं. मुदत साडेआठ तास.

(पाण्याखालून पाय.)

आता पाय बघा. ही बेडकी. गावच्या विहिरीत पोहायला शिकलेल्या माणसाचे पाय आपसूक असेच पडतात. प्रत्येक फटकाऱ्याला नडगी बाहेर फेकली जाते आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूला ताण बसतो. विहिरीत दोन डुबक्या मारण्यापुरतं ते चालून जातं, रोजच्या दीड किलोमीटरला नाही. म्हणून चाळिशीत ती नव्यानं फ्रीस्टाइल शिकते आहे. नाकातोंडात पाणी जातं, काठावरची पोरं हसतात. तीही हसते.

(घराचा जिना. ती कठड्याला धरून, एकेक पायरी आडवी उतरते.)

तिची खरी तक्रार मात्र वेगळ्या जागी होती. गुडघ्याच्या वाटीच्या मागं. चढताना फारसं काही नाही, उतरताना कळ. बराच वेळ बसून उठलं की पुन्हा कळ. मांडीचे स्नायू या वाटीला ओढतात आणि ती हाडाच्या खाचेतून वर-खाली सरकते. गुडघा जितका जास्त वाकलेला असताना जोर लागेल, तितकी वाटी खाचेवर दाबली जाते. डॉक्टरांनी तपासलं. सूज नाही, गुडघा अडकत नाही, मध्येच दगा देत नाही. सल्ला मिळाला, धावणं बंद. दीड महिना तिनं तेही केलं. दुखणं गेलं, आणि बूट घातल्यावर आठवड्यात परत आलं.

(सायकलचं दुकान. ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, चढवलेली सायकल. दोऱ्याला लोंबणारा पितळी ओळंबा.)

हे दुकान आहे सायकलचं, पण हत्यार गवंड्याचं. पॅडल आडवं, पाय पुढं. मेकॅनिक तिच्या वाटीखालून दोरा सोडतो. ओळंबा हलतो, थरथरतो, मग स्थिर होतो. साधारण पॅडलच्या आसावर यायला हवा. तिचा बोटभर पुढं पडला. हा काही वेदातला नियम नाही, अंदाज आहे. पक्कं माप पुढं आहे.

पॅडल सगळ्यात खाली. मांडी, गुडघा, घोटा, तीन ठिकाणी स्केचपेनचे ठिपके. कोन मोजायची प्लास्टिकची पट्टी गुडघ्यावर. बघा, गुडघा ४२ अंश वाकलेला. इथं २५ ते ३५ असावा लागतो. म्हणजे सीट खाली होती. दुकानातून आणली तेव्हा, बसून दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून तिनंच ती खाली करून घेतली होती. भीतीपोटी आपण सगळेच करतो.

साडेतीन तास सायकल, मिनिटाला ८० फेरे. एकेका गुडघ्याचे १६,८०० फेरे होतात. कोन चुकला तर तो तितक्या वेळा चुकतो.

(ॲलन की नावाची षटकोनी चावी फिरते. सीटच्या दांड्याभोवती काळा टेप.)

सीट एकदम वर घ्यायची नसते. आज पाच मिलिमीटर, टेपची खूण, आठवडाभर सायकल, मग पुढची खूण. चार खुणा होईपर्यंत महिना गेला. सीट दोन सेंटिमीटर वर आली, कोन ३३ वर. मध्यंतरी सीटही थोडी मागं सरकवली आणि तिची जड गिअर रेटायची सवय मोडली. चढावर हलका गिअर, भराभर पाय.

(पन्हाळ्याचा घाट, उतार.)

धावण्याचं चित्रण थोडंच आहे, आमचा कॅमेरावाला दुसऱ्याच वळणावर बसला. पण पावलं ऐका. पूर्वी मिनिटाला १५८ पडायची, आता १६८. वेग तोच, पाऊल आखूड. लांब ढांग टाकली की पाय शरीराच्या फार पुढं पडतो आणि झटका गुडघ्याला बसतो. घाटाचा उतार मात्र ती सध्या चालतच उतरते.

(स्वयंपाकघर. भिंतीला पाठ टेकून, हवेतच खुर्चीत बसल्यासारखी.)

चहा उकळेपर्यंत हे, रात्री कुशीवर झोपून पाय उचलणं, दिवसाआड पायरीवरून एका पायानं सावकाश उतरणं. तीन महिने. निम्मं श्रेय या व्यायामांचं, पण कॅमेऱ्याला त्यात बघण्यासारखं काही नाही. दुखणं दहात तीनच्या आत असेल आणि दुसऱ्या सकाळपर्यंत शमत असेल तर सराव चालू. नाहीतर त्या दिवशी फक्त पोहणं. शर्यतीआधी वेदनाशामक गोळी घेणारे आम्हाला बरेच भेटले. उन्हात घाम गाळताना ती गोळी मूत्रपिंडाला जड जाते, आणि गुडघा काय सांगतोय तेही ऐकू येत नाही.

(मिरामार. लाटा, चाकं, पावलं. इथं निवेदन नाही, फक्त आवाज.)

आठ तासांच्या आत.

(पार्किंग. गळ्यात पदक.)

सायकल गाडीत मावावी म्हणून नवरा सीट खाली घ्यायला वाकतो. ती त्याचा हात धरते आणि आधी टेपची चौथी खूण जागेवर आहे का ते बघते.