नेरूळला खोली शोधताना

नमस्कार, श्रोतेहो. नेरूळच्या डी. वाय. पाटील विद्यापीठाच्या आसपास खोली शोधायला आलेले विद्यार्थी आणि त्यांचे पालक दलालाला सर्वांत आधी विचारतात ते भाडे. माझ्या मते आधी विचारावी ती स्टेशनची वाट, कारण भाडे महिन्यातून एकदा द्यायचे असते आणि वाट रोज दोन वेळा तुडवायची असते. विद्यापीठाचा परिसर व त्याला लागूनच असलेले क्रिकेटचे मैदान रेल्वेमार्ग आणि शीव-पनवेल महामार्ग यांच्या मधल्या पट्ट्यात आहे. त्यामुळे खोली रुळांच्या पूर्वेला आहे की पश्चिमेला, यावर बरेच काही ठरते. ‘स्टेशन पाच मिनिटांवर’ असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा ती पाच मिनिटे बहुधा रिक्षाची असतात, पायांची नव्हे.

ठाण्याहून रोज ये-जा करणाऱ्यांचा प्रश्न निराळा. 2004 मध्ये ठाणे-वाशी मार्ग सुरू होण्यापूर्वी लोकलने नेरूळला यायचे तर कुर्ल्याला उतरून हार्बरची गाडी धरावी लागे. आता ठाण्याच्या 9 आणि 10 क्रमांकांच्या फलाटांवरून थेट गाडी मिळते. मात्र सगळ्याच गाड्या नेरूळकडे येत नाहीत. तुर्भ्यानंतर मार्ग दुभंगतो, एक फाटा सानपाड्यावरून वाशीला जातो आणि दुसरा जुईनगरवरून नेरूळ-पनवेलकडे. घाईत वाशीची गाडी पकडलेला नवखा प्रवासी तुर्भ्याला उतरला नाही, तर थेट सानपाड्याला पोहोचतो आणि तिथून हार्बरच्या गाडीने पुढे निघतो. सकाळच्या गर्दीची मात्र फार धास्ती घेऊ नये. ऐरोली, रबाळे, घणसोली येथे कंपन्यांमध्ये जाणारा मोठा लोंढा उतरतो आणि दारात लोंबकळत आलेल्याला कोपरखैरण्यापर्यंत बसायला जागाही मिळू शकते.

खरी परीक्षा सामन्याच्या दिवशी. 2 नोव्हेंबर 2025 रोजी भारतीय महिला संघाने याच मैदानावर विश्वचषक जिंकला, त्याचा अभिमान इथल्या प्रत्येक रहिवाशाला आहे. पण अशा संध्याकाळी रस्ते वळवले जातात, रिक्षावाले जवळचे भाडे नाकारतात आणि प्रयोगशाळेतून उशिरा सुटलेल्या विद्यार्थ्याला प्रेक्षकांच्या लोंढ्यातूनच फलाट गाठावा लागतो. पायी जाण्याजोगे घर त्या दिवशी किती मोलाचे, हे तेव्हा कळते.

वाट पसंत पडली की मग भाड्याचे बोलावे. करार अकरा महिन्यांचा असल्यामुळे नोंदणी लागत नाही, असे बिनधास्त सांगणारे घरमालक आजही भेटतात. वास्तविक महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार लिव्ह अँड लायसन्स करार, मुदत कितीही असो, लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि त्याची जबाबदारी घरमालकावर असते. ही नोंदणी आता ऑनलाइनही होते, त्यामुळे वेळ नसल्याची सबब टिकत नाही. अनामत रकमेचा आकडा आणि ती परत करण्याची मुदत त्याच करारात लिहून घ्यावी.