वीणा खाली ठेवता येत नाही

सगळ्यांना सलाम. आम्हा मराठी ख्रिस्ती घरांत भेटल्यावर असंच म्हणतात. यावरून एकदा ऑटोवाल्याने मी पत्ता सांगायच्या आतच ऑटो ताजबागकडे वळवला होता. हसा, हसा. मी उतरलो नाही; म्हटलं, निघालोच आहोत तर ताजुद्दीन बाबांचा दर्गा बाहेरून बघून जाऊ.

पत्रिकेत आजचा विषय ‘ख्रिस्ती धर्मातील यात्रेची संकल्पना’ असा भारदस्त छापला आहे. तो मी मांडणार आहे. त्याआधी एक रड सांगतो, मग एक गोष्ट.

रड अशी की, मला रोज कोणी ना कोणी विचारतं, “पाळकसाहेब, तुम्ही मूळचे कुठले जी?” माझे पणजोबा वर्धेकडचे कास्तकार. मी जन्मलो नागपुरात. दर एप्रिलमध्ये कूलरच्या ताट्या बदलतो, तर्री पोह्यावर तर्री दोनदा मागतो आणि पुण्याला गेलो की तिथल्या पाण्याला नावं ठेवतो. आणखी काय करू? तरी आडनाव सांगितलं की समोरचा म्हणतो, “आडनाव तर आपल्यातलं वाटते.” या ‘तर’वर मी एक स्वतंत्र व्याख्यान देऊ शकतो. आयोजक घाबरू नका, आज नाही देत.

आता गोष्ट. तेव्हा मी काटोल रोडकडच्या एका लहान मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पाळक होतो. आषाढात विठ्ठलाच्या धापेवाड्याला जाणारी एक दिंडी आमच्या देवळासमोर आली आणि आभाळ फाटलं. आपला पाऊस माहीत आहे तुम्हाला, आधी तासभर उकडवतो आणि मग बादली उपडी करतो. मी फाटक उघडलं. चाळीस-पन्नास माणसं व्हरांड्यात शिरली. टाळकऱ्यांनी कठड्यावर धोतरं पसरली. बायांनी पायातल्या प्लास्टिकच्या चपला एका सुतळीत ओवून खांबाला बांधल्या, म्हणजे हरवायला नकोत. रविवारच्या गीतांचे क्रमांक लावायच्या फळीवर कोणीतरी पिशवी अडकवली.

विणेकरी मात्र उभाच. चिखल गुडघ्यापर्यंत. मी म्हटलं, “दादा, वीणा ठेवा, नळ तिकडं आहे, पाय धुवा.” तो म्हणाला, “वीणा खाली ठेवता येत नाही महाराज.” मला पहिल्यांदाच कोणीतरी महाराज म्हणालं होतं! एकाने दुसऱ्याच्या गळ्यात द्यायची, असा त्यांचा रिवाज. बाकी सगळे आपापलं पिळण्यात गुंतलेले. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि सरळ माझ्या गळ्यात वीणा घातली. पट्टा ओला, गार. तार चुकून वाजू नये म्हणून मी श्वाससुद्धा बेताने घेत होतो.

आणि नेमके तेव्हा आमच्या कमिटीचे एक ज्येष्ठ सभासद स्कूटरवरून आत आले. चित्र डोळ्यासमोर आणा. पांढरी कॉलर, त्यावर वीणा, मागे विठ्ठल-विठ्ठल. ते रेनकोटातून माझ्याकडे बघत राहिले. पुढच्या बैठकीत तो विषय निघाला, ‘इतर बाबी’मध्ये. दीड तास चालला. त्याच बैठकीत गळक्या छपराला पाच मिनिटं मिळाली होती.

पण मला पकडलं ते एका आजीनं. पायऱ्यांवर बसून भाकर खात होती. विचारते, “हे कोण्या देवाचं देऊळ हाय?” मी सांगितलं. “अन् तुमची पंढरी कुठं हाय?” मी जरा विचार करून म्हटलं, “यरुशलेम म्हणता येईल.” “लय दूर हाय?” “हो, आजी.” “जाऊन आले?” “नाही.” तिने अर्धी भाकर माझ्या हातावर ठेवली. “मंग पायाले काम काय?”

याचं उत्तर द्यायला मी आज आलो आहे, आणि ही चिठ्ठी आली. ‘सात मिनिटे.’ मागच्या वक्त्याला दहा दिली होती, असो.

तर पटापट. बायबलच्या स्तोत्रसंहितेत १२० ते १३४ ही पंधरा आरोहणस्तोत्रं आहेत. यरुशलेमला चढून जाणारे यात्रेकरू ती वाटेवर म्हणत, असं मानतात. त्यांत मंदिर आहेच, पण ठेच लागणं आहे, ऊन आहे, झोप आहे, घरच्या जेवणाभोवती बसलेली पोरं आहेत. म्हणजे सगळा रोजचाच पसारा. दुसरं, अम्माऊस गावाची वाट. लूकच्या शुभवर्तमानात दोन शिष्य यरुशलेमकडे पाठ करून, हताश होऊन चालले आहेत. यात्रा उलटी! प्रभू सोबत चालतो, ते ओळखत नाहीत. ओळख पटते ती घरात, भाकर मोडताना. मला ती आजी इथे आठवते. यापुढे स्पष्टीकरण करत नाही, वेळ नाही.

तिसरं आपल्या गावचं. नारायण वामन टिळक १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हातात बायबलचा नवा करार दिला आणि १८९५ मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्ती झाल्यावरही त्यांनी अभंग सोडला नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये स्कॉटलंडहून इथे आले, धर्मोपदेशक, पण दगडांचे वेडे. टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना ४ सप्टेंबर १८६३ ला बोरीजवळच्या पुरात बुडाले. त्यांना कोणी विचारत नाही, मूळचे कुठले; त्यांच्या नावाच्या कॉलेजात आपली पोरं अॅडमिशनला रांगा लावतात. आणि १९७० मध्ये, २९ नोव्हेंबरला, सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तेही इथेच नागपुरात. दीक्षाभूमी तर मी सांगायलाच नको. दसऱ्याला स्टेशनपासून पायी येणारी माणसं पाहिली की वाटतं, या गावाला चालणाऱ्यांची सवय आहे. यावर अजून चार मुद्दे होते. कागद घरी नेतो.

आजीच्या प्रश्नाचं माझं उत्तर एवढंच की पायाला काम आहे. आठवड्यात वीस-बावीस घरं होतात, बहुतेक जिने चढून.

प्रश्न असतील तर बाहेर चहावर विचारा, पण मला थांबता येणार नाही. जरीपटक्याला एक आजोबा दर गुरुवारी माझी वाट बघतात. दार उघडताना ते सलाम करत नाहीत, घड्याळाकडे बघतात.