टेम्सकाठचा ब्लेअर

श्रोतेहो, नमस्कार. आज जायचंय टेम्सच्या काठी, सटन कोर्टनी नावाच्या छोट्या गावात. ऑक्सफर्डच्या दक्षिणेला, डिडकॉटच्या अलीकडे. गाव फार जुनं. १९२० च्या दशकात लीड्स नावाच्या पुरातत्त्वज्ञानं इथे खणलं, तेव्हा जमिनीत अर्धी उतरलेली अँग्लो-सॅक्सन घरं सापडली. १९७४ पर्यंत गाव बर्कशरमध्ये होतं. मग सीमा बदलल्या आणि ते ऑक्सफर्डशरमध्ये गेलं. नदी तिथेच, गाव तिथेच, कागद तेवढे बदलले.

नदीवर पाणचक्की होती आणि होड्यांची वाट त्या चक्कीजवळूनच जायची. चक्कीवाला जबर पैसे उकळायचा. शेवटी १८०९ साली बाजूनं कल्हमचा कालवा काढला, तेव्हा नावाडी सुटले. टोलनाक्याला कंटाळून दुसरी वाट काढली, हे मला भारी आवडतं. आपल्याकडे नव्या वाटेवर आधी नाका बसतो, मग डांबर पडतं. असो.

आता गावच्या चर्चकडे चला, ऑल सेंट्स. मला खरं तर तिथलीच गोष्ट सांगायची आहे.

२१ जानेवारी १९५०. लंडनच्या एका इस्पितळात क्षयानं एक लेखक गेला. वय ४६. जगाला ठाऊक होता जॉर्ज ऑर्वेल म्हणून, खरं नाव एरिक आर्थर ब्लेअर. जन्म आपल्याकडचा, बिहारमधल्या मोतीहारीचा. आयुष्यभर देवाधर्माशी त्याचं फारसं जमलं नाही, पण मृत्युपत्रात लिहून ठेवलं की मला जाळू नका, चर्चच्या रीतीनं पुरा. मित्रांची पंचाईत झाली! हा कुठल्याच चर्चचा नेमाचा माणूस नव्हता आणि लंडनमध्ये चर्चच्या आवारात जागा मिळेना. तेव्हा धावून आले डेव्हिड ॲस्टर, 'ऑब्झर्व्हर' साप्ताहिकाचे संपादक. त्यांचं घर होतं सटन कोर्टनीला. त्यांनी गावच्या पाद्रीबाबांकडे शब्द टाकला आणि या गावाशी काही नातं नसलेल्या माणसाला गावानं जागा दिली. लक्षात घ्या, काही नातं नसलेल्या माणसाला.

दफन झालं २६ जानेवारीला. तारीख ऐकलीत ना? २६ जानेवारी १९५०. इकडे दिल्लीत राजेंद्रबाबू राष्ट्रपतिपदाची शपथ घेत होते, त्याच दिवशी तिकडे मोतीहारीत जन्मलेला हा माणूस टेम्सकाठी मातीआड होत होता.

दगडावर काय कोरावं, तेही त्यानंच सांगून ठेवलं होतं. एरिक आर्थर ब्लेअर, जन्मतारीख, मृत्यूची तारीख. बस्स. ऑर्वेल हे नाव नाही. ते टोपणनाव त्यानं सफोकमधल्या एका नदीवरून घेतलं होतं, आणि कबर मिळाली दुसऱ्या नदीकाठी. हल्ली रस्त्याच्या कोपऱ्यालाही कुणाकुणाचं नाव फलकावर झळकतं, तेव्हा मला हा दगड आठवतो.

याच आवारात पंतप्रधान ॲस्क्विथ यांचीही कबर आहे. गावातच ते राहायचे, १९२८ साली गेले. मोठी कबर आहे, चटकन दिसते. पण लोक येतात ते ब्लेअरकडे.

आणखी एक, रेडिओवाल्यांच्या जिव्हाळ्याचं. युद्धकाळात ऑर्वेल बीबीसीच्या ईस्टर्न सर्व्हिसमध्ये होता. त्यानं इंग्रजीत लिहिलेली युद्धाची वार्तापत्रं मराठीत होऊन हिंदुस्थानात ऐकवली जात. शिरोळच्या वेणू चितळे तिथे त्याच्या सहकारी होत्या. आपले आजोबा कदाचित त्याचेच शब्द मराठीतून ऐकत बसले असतील, लेखक कोण हे माहीत नसताना.

तर कधी गेलात, तर ऑर्वेल शोधू नका, ब्लेअर शोधा. ब्लेअर. आणि जवळच ॲस्टरही आहेत. २००१ साली ते गेले, त्यांनाही मित्राजवळच जागा मिळाली. नमस्कार.