तेल डोक्याला, की केसांना?

श्रोतेहो, नमस्कार.

दिवाळी तोंडावर आली. नरक चतुर्दशीच्या पहाटे घरोघरी तेलाची वाटी कोमट होईल, पाटाभोवती रांगोळी निघेल, आणि एरवी तेलाचं नाव काढलं की नाक मुरडणारी कॉलेजातली मुलंसुद्धा त्या दिवशी मुकाट्यानं आईपुढे डोकं करून बसतील. सण उरकले की बाटली परत फडताळात. अभ्यंगाशी आपला संबंध आता एवढाच उरला आहे. वाग्भटानं मात्र अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात दिनचर्या सांगताना लिहिलंय, ‘अभ्यङ्गमाचरेन्नित्यं’. रोज करा. आणि लगेच पुढे, ‘शिरःश्रवणपादेषु तं विशेषेण शीलयेत्’. डोकं, कान आणि पाय, या तीन ठिकाणी आवर्जून करा. तळपाय काशाच्या वाटीनं घासायची पद्धत आपल्याकडे अजून टिकून आहे, पण तिच्यासाठी वेगळं भाषण लागेल. आज फक्त डोकं.

मी वैद्यकी करते. डोक्याला कोणतं तेल लावू, असं विचारणाऱ्यांच्या मनात बहुतेक वेळा केस असतात. गळताहेत, पिकताहेत, भांग रुंदावलाय. झोप लागत नाही म्हणून तेल विचारणारा क्वचित भेटतो. जाहिरातींनी आपलं काम चोख केलंय म्हणायचं.

चरकाचं वचन प्रसिद्ध आहे, ‘नित्यं स्नेहार्द्रशिरसः शिरःशूलं न जायते’. ज्याचं डोकं नित्य तेलानं भिजलेलं, त्याचं डोकं दुखत नाही. त्याच वर्णनात टक्कल पडत नाही, केस पिकत नाहीत असंही आहे, आणि शेवटाकडे आहे ‘निद्रालाभः सुखं च’. यातल्या केसांच्या भागाबद्दल मी कुणाला शब्द देत नाही. पुरुषांचं कपाळाकडून मागे सरकत जाणारं टक्कल बापाकडून, आजोळाकडून आणि हार्मोनमुळे येतं, आणि तेल त्याला अडवत नाही. बाईचे केस मूठमूठ येत असतील तर मी आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्यायला सांगते. कपाळ आवळल्यासारखं वाटणं, डोकं जड होणं, रात्री या कुशीवरून त्या कुशीवर होत राहणं, अशा तक्रारींत मात्र मला या उपायाचा उपयोग दिसतो.

तो का होतो, हे समजून घ्यायला तुमचेच हात वापरू. ऐकता ऐकता दोन्ही हातांची बोटं कानशिलांवर ठेवा आणि दात आवळा. बोटांखाली काही फुगलं ना? तो चावण्याचा स्नायू. पंख्यासारखा पसरून तो पार कानाच्या वरपर्यंत गेलेला असतो. काळजीत, रागात, कॉम्प्युटरसमोर एकटक बसल्यावर माणूस नकळत दात आवळून धरतो, आणि संध्याकाळी म्हणतो, कानशिलं ठणकताहेत. कपाळात एक स्नायू आहे, डोक्याच्या मागच्या बाजूला एक आहे, आणि त्या दोघांना जोडणारा चिवट पापुद्रा टाळूवरून गेलाय. मान जिथे कवटीला मिळते तिथे, दोन्ही बाजूंच्या खळग्यांत, आणखी काही छोटे स्नायू आहेत. आपलं डोकं साधारण साडेचार-पाच किलोंचं. मोबाइलवर मान झुकवून तासभर बसलं की त्याचा ताण या मानेच्या स्नायूंवर येतो.

या जागांवरून ओळखीचा, सावकाश हात फिरला की स्नायू सैल पडतात. नाडी थोडी मंदावते, रक्तदाब थोडा उतरतो, श्वास लांब होतो. हा उतार काही वेळापुरताच असतो, तेव्हा त्याच्या भरवशावर रक्तदाबाची गोळी कुणी बंद करू नये. पण झोपण्याआधी माणसाला तो तेवढाच वेळ तर हवा असतो! तेल टाळूतून झिरपत मेंदूपर्यंत जातं आणि मेंदू थंड करतं, ही समजूत मात्र सोडून द्या. टाळूखाली पक्कं हाड आहे. तेलामुळे बोटं विनासायास फिरतात, केस ओढले जात नाहीत आणि ऊब टिकते. ‘थंडगार’ म्हणून विकल्या जाणाऱ्या तेलांनी डोकं गार वाटतं ते कापरामुळे आणि मेन्थॉलमुळे. त्वचेतल्या थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंना ही द्रव्यं चाळवतात, म्हणून गार वाटतं. ज्यांना ते आवडतं त्यांनी खुशाल लावावं. लहान मुलांच्या हाती मात्र ती बाटली लागू देऊ नका. कापूर पोटात गेला तर मुलांना झटके येऊ शकतात.

मुलांचा विषय निघालाच आहे तर टाळू भरण्याबद्दल बोलते. बाळाची पुढची टाळू साधारण वर्ष-दीड वर्षात भरून येते. आजी म्हणतात तेल थापलं म्हणून भरली. ती भरते भोवतीची हाडं वाढल्यामुळे, तेल लावा किंवा न लावा. बाळाला न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशींनी बोटभर तेल हलक्या हातानं लावलं तर माझी हरकत नाही. दाबायचं मात्र नाही, आणि नाकाकानात तेलाचे थेंब सोडायचे नाहीत. नाकातलं तेल फुप्फुसात उतरलं तर न्यूमोनिया होतो. हे मावशींना सांगताना सासूबाई काय म्हणतील, हा प्रश्न सुनांनी माझ्यावर सोपवावा!

केसांच्या बाबतीत तेलाचा काहीच उपयोग नाही, असंही नाही. २००३ साली मुंबईतल्या मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. केस धुताना, विंचरताना त्यातली प्रथिनं झिजतात. ती झीज फक्त खोबरेल तेलानं कमी झाली, कारण त्यातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरू शकतं. कंपनी खोबरेल तेलच विकणारी, तेव्हा तेवढी मीठ-मिरची मनात धरा, पण त्यामागचं रसायनशास्त्र पटण्यासारखं आहे. २०१६ मध्ये जपानमधला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. नऊ पुरुष, रोज चार मिनिटं यंत्रानं डोक्याचं मालिश, २४ आठवडे. केसांची जाडी किंचित वाढली, वाढीचा वेग वाढला नाही. नऊ माणसांवरून मी काही सिद्धांत मांडणार नाही. पण तिथे तेल नव्हतं, हे लक्षात घ्या. जे काही घडलं ते दाबानं घडलं.

आता कोंडा. कोंडा झाला की टाळू कोरडी पडली असं समजून लोक रात्रभर तेल थापून झोपतात, आणि सकाळी खाज दुप्पट. कोंड्यामागे बहुतेक वेळा मॅलासेझिया नावाची बुरशी असते. ती प्रत्येकाच्याच डोक्यावर राहते आणि चरबीवर, तेलावर जगते. म्हणजे आपण तिला जेवण वाढून ठेवतो. कोंडा असेल तर आधी त्याचा उपचार करा, आणि मालिश हवंच असेल तर कोरड्या बोटांनी करा. मालिश तसंही होतं.

तेल कोणतं घ्यावं? आयुर्वेदात तिळाचं तेल सर्वांत मानाचं. ते उष्ण, वातावर चांगलं. कोकणात, गोव्यात, केरळात दमट उकाड्याच्या हवेत खोबरेल चालतं, आणि ते तिथे शोभतंही. देशावर थंडीत खोबरेल २४ अंशांच्या खाली गोठतं, मग बाटली उन्हात ठेवायची. माका, ब्राह्मी, जास्वंद, आवळा घालून घरी तेल कढवणाऱ्या बायका अजून आहेत. त्यांना एवढंच सांगणं, की पाल्याचा ओलावा पूर्ण आटेपर्यंत मंद आचेवर ठेवा. पाणी राहिलं की तेल चार दिवसांत खवट होतं. वातीवर थेंब टाकून पाहा, तडतडलं तर अजून पाणी आहे. नवं तेल आधी कानामागे एका जागी लावून एक दिवस थांबावं. झाडपाल्याचीही अॅलर्जी येते. हजार रुपयांच्या बाटलीत जे आहे त्यातला मोठा भाग बहुधा साधं तेलच असतं, लेबल उलटून वाचा म्हणजे कळेल.

आता हात कसा चालवायचा ते सांगते. पितळी वाटीत दोन-तीन चमचे तेल घ्या आणि ती वाटी गरम पाण्यात ठेवा. गॅसवर थेट नको. मनगटावर थेंब टाकून ऊब पाहा. माणसाला खाली पाटावर किंवा स्टुलावर बसवा, खांदे सैल सोडायला सांगा. पहिलं तेल टाळूवर, मग भांग पाडत पाडत बाजूंना. नखं लागू द्यायची नाहीत. बोटांची पेरं टाळूवर टेकवा आणि केस न चोळता खालची कातडी हाडावरून सरकवा, लहान लहान गोल. एका जागी पाच-सहा श्वासांएवढं थांबा, मग पुढे. कानशिलांवर अगदी हलका हात. मागच्या खळग्यांत अंगठे टेकवून वरच्या दिशेनं दाब द्या. तिथे दाब पोचला की माणूस आपोआप सुस्कारा टाकतो. शेवटी मानेवरून खांद्यांपर्यंत उतरा. सगळं मिळून दहा-बारा मिनिटं. त्या वेळात बातम्या लावू नका, आणि कुणाचं लग्न जमत नाही हेही काढू नका. स्वतःचं स्वतः केलं तरी चालतं, पण खांदे वर उचलून हात दमतात आणि ज्यासाठी बसलो ते अर्धं वाया जातं.

हल्ली मर्म दाबून देतो म्हणणारे बरेच झालेत. सुश्रुतानं १०७ मर्मं सांगितली, त्यांतली ३७ गळ्याच्या वर. कानशिलावरचं शंख आणि टाळूवरचं अधिपती ही दोन त्यानं सद्यःप्राणहर मर्मांत घातली, म्हणजे तिथे घाव बसला तर माणूस तात्काळ जातो. शल्यवैद्यानं कुठे जपावं याची ती यादी आहे. जोर काढायच्या जागा म्हणून ती कुणी वापरू नये. सलूनमध्ये चंपी झाल्यावर हनुवटी धरून मान कडकन मोडून देतात, त्याला तर स्पष्ट नाही म्हणा. मानेतल्या रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात झाल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. डोक्याला तेल चोळून घ्या, पैसे द्या, उठा.

ताप, सर्दी-पडसं आणि अपचन असताना तेल नको; यातलं कफाचं आणि अपचनाचं वाग्भटही सांगतो. डोक्यात फोड, जखमा, उवा असतील तरी नको. अर्धशिशीचा झटका चालू असताना कित्येकांना केसांना लागलेला कंगवाही सोसत नाही, तेलाच्या वासानं उलटी होते. अशा वेळी अंधाऱ्या खोलीत गप्प पडू द्या, मालिश दोन झटक्यांच्या मधल्या दिवसांत. आणि पन्नाशीनंतर पहिल्यांदाच कानशील दुखायला लागलं, हात लावला की कळ येते, चावताना जबडा दुखतो, दिसायला अंधूक झालं, तर तेलाची वाटी बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. तिथल्या रोहिणीला, म्हणजे रक्तवाहिनीला, सूज असू शकते आणि तिच्यापायी दृष्टी जाते.

शिरोधारेबद्दलही लोक विचारतात. आयुर्वेदानं डोक्याला तेल देण्याच्या चार रीती सांगितल्या. अभ्यंग, म्हणजे चोळणं. सेक, म्हणजे धार धरणं. पिचू, म्हणजे तेलात भिजवलेला बोळा ठेवणं. आणि शिरोबस्ती, डोक्याभोवती चामड्याची उंच कड बांधून आत तेल धरून ठेवणं. पुढची रीत आधीच्या रीतीहून अधिक गुणाची, असं वाग्भट म्हणतो, आणि त्याबरोबर वैद्याची गरजही वाढत जाते. रिसॉर्टच्या पॅकेजमधली धार अंगाला सुखावते, ते खोटं नाही. निद्रानाशाचा उपचार म्हणून ती करायची असेल तर आधी नाडी, पचन, चालू असलेली औषधं बघणारा माणूस समोर हवा. पहिली रीत मात्र तुमच्या घरातली आहे, ती करायला मला विचारायचं कारण नाही.

आठवड्यातून दोन संध्याकाळी केलंत तरी पुरे. अर्ध्या-पाऊण तासानं धुवून टाका, रात्रभर ठेवायची सक्ती नाही. धुताना केस आधी ओले करू नका. कोरड्या तेलकट केसांवरच शिकेकाई किंवा शाम्पू चोळा आणि मग पाणी घ्या, एका धुण्यात तेल निघतं. आणि न्हाणीघरातली फरशी तेलानं गुळगुळीत होते. घरात म्हातारी माणसं असतील तर त्यांच्या अंघोळीआधी ती कडकडीत पाण्यानं आणि साबणानं घासून घ्या.

नमस्कार.