कॉमेडीच आहे ना, मग मुलांना चालेल?

सिनेमाच्या वयाच्या रेटिंगवर आम्ही केलेल्या फिल्ममधला आधी हा शॉट बघा. शिडीवर चढलेला माणूस, हातात रंगाचा डबा, पाय सटकतो आणि धाडकन खाली. आता तोच शॉट परत, एक फ्रेमसुद्धा इकडची तिकडे नाही, एडिटरने फक्त साउंड बदललाय. मघाशी पडताना शिट्टी वाजली होती आणि डबा टणाटण उड्या मारत गेला होता, आता हाड मोडल्याचा आवाज येतो आणि मागून कण्हणं.

मघाशी हसलात. आता नाही हसलात.

चित्रपटाला वयाचं रेटिंग देणाऱ्यांचं काम या दोन आवाजांच्या मधे चालतं, आणि म्हणूनच कॉमेडी बघताना त्यांना जास्त डोकं लावावं लागतं. भुताच्या सिनेमाचं पोस्टरच सांगतं की लांब रहा, पण कॉमेडीचं पोस्टर सगळ्यांनाच या म्हणतं. हे बघा, पिवळाधम्मक रंग, दात दाखवत हसणारे चेहरे, मग घरात एवढीच चौकशी होते की कॉमेडीच आहे ना, चला तर मग, पोरांनाही घेऊ.

सुरुवातीला रेटिंगचे गट फारच कमी होते. ब्रिटनमध्ये 1912 साली रेटिंग देणारं बोर्ड स्थापन झालं तेव्हा दोनच, यू म्हणजे सगळ्यांसाठी आणि ए म्हणजे मोठ्यांसाठी. अमेरिकेत 1 नोव्हेंबर 1968 ला रेटिंग सुरू झालं, पण पीजी (पालकांनी आधी बघून ठरवा) आणि आर (17 च्या खालच्यांना मोठ्यांसोबतच) यांच्या मधला पीजी-13 (13 च्या खालच्यांसाठी जास्त जपून) यायला 1984 उजाडलं. भारतात 1952 च्या कायद्याने यू आणि ए होतेच, 1983 मध्ये मधला यूए आला, म्हणजे पालकांच्या सल्ल्याने बघा, आणि 2023 मध्ये कायदा बदलला तेव्हा त्या यूएचेही तीन भाग झाले, 7+, 13+ आणि 16+. सगळीकडे गट वाढले ते मधेच, आणि ते बरोबरच झालं, कारण सात वर्षांचं पोर आणि पंधरा वर्षांचं पोर एकाच जोकवर सारखं हसत नाही.

आता जरा रेटिंगसोबत छापतात त्या या चिन्हांवर थांबूया, कारण आम्हाला सगळ्यात जास्त हीच आवडली. नेदरलँड्समध्ये 2001 पासून ही पद्धत आहे, वितरकाकडचा ट्रेनिंग घेतलेला माणूस पूर्ण फिल्म बघतो आणि एक प्रश्नावली भरतो, मारामारी आहे का, खरी वाटते का, जखम दिसते का, असं एकेक करत. उत्तरांवरून वय निघतं आणि सोबत चिन्हं निघतात. मूठ म्हणजे हिंसा. कोळी म्हणजे भीती. पावलांच्या जोड्या म्हणजे सेक्स. सुई म्हणजे नशा. ओरडणारं तोंड म्हणजे शिव्या. आणि एक चिन्ह भेदभावाचं, कुणाला रंगावरून वगैरे कमी लेखलं असेल तर. वाचता न येणाऱ्या मुलालाही कोळी कळतो. नुसतं "12" लिहिलं की वय समजतं, कशामुळे 12 ते मात्र समजत नाही, आणि आईबापाला खरं तर तेच हवं असतं.

अमेरिकेत रेटिंग देणारे स्वतः पालक असतात आणि रेटिंगच्या चौकोनात कारण छापलेलं असतं, अगदी बारीक अक्षरात, आचरट विनोद, सेक्सचे उल्लेख, शिव्या वगैरे. तिथे एखादी कडक शिवी वैतागून एकदाच तोंडातून गेली तर फिल्म पीजी-13 मध्ये बसू शकते, तीच शिवी सेक्सच्या अर्थाने आली की साधारणपणे आर. म्हणून एडिटर इथे काय करतोय बघा, त्या एका शब्दावर आवाज शून्यावर नेला. ओठ हलतायत, शब्द नाही. परत मागे घेतो. परत. पण शब्द पुसला तरी समोरच्याचा पडलेला चेहरा तसाच राहतो, आणि मूल शब्दापेक्षा चेहरा आधी वाचतं.

चेष्टा कुणाची चाललीये हा प्रश्न आमच्यासाठी शिव्यांपेक्षा मोठा आहे. जाड मुलगा पळतो, सगळे हसतात. अडखळत बोलणारा बोलायला लागतो, सगळे हसतात. वयाच्या आकड्यात हे दिसत नाही, दिसलंच तर रेटिंगखालच्या त्या कारणांच्या ओळीत. नाही वाचली की मूल दुसऱ्या दिवशी तोच जोक वर्गात कुणावर तरी करून बघतं, किंवा तो जोक त्याच्यावरच होतो.

थिएटरच्या लॉबीतला हा शॉट आम्ही कुठेही कापला नाही. ही आई, हातात मोबाईल, शेजारी सात-आठ वर्षांची मुलगी पोस्टरकडे बघत उभी. आईने सिनेमाचं पान उघडलंय, रेटिंगवर अंगठा थांबला, मग स्क्रीन दोन बोटांनी मोठी केली. खालची ओळ वाचतेय. परत पहिल्यापासून वाचतेय. आता मुलीकडे बघते.